चौथ्या बोटाचा आकडा

तुझ्या उजव्या हाताचं चौथं बोट थकत चाललंय हे तुझ्याआधी मला कळलं होतं, ताई. निदान तुझ्या तेरवीच्या दिवसापर्यंत माझा तसा समज होता.

परवा तुझ्या शाळेतल्या बाई येऊन गेल्या. शाळेच्या वार्षिक अंकात तुझ्यावर एक पान द्यायचं आहे, जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं एवढं लिहून द्या, म्हणाल्या. मी कागद घेतला, तुझं नाव लिहिलं आणि पुढे हात सरकेना. ते सगळं त्यांना भाऊजी देतील, तारखा त्यांच्याच लक्षात राहतात. मला तुझ्याशी जे बोलायचं आहे ते शाळेच्या अंकात मावणारं नाही. ते तुला तोंडावर सांगायला माझ्याकडे दीड वर्ष होतं. त्या दीड वर्षात मी तुझ्याशी स्क्रू, स्प्रिंग आणि धूळ सोडून दुसरं काही बोललो नाही.

पियानो आला तो दिवस आठवतो. भाऊजींचे धाकटे भाऊ मस्कतची नोकरी सोडून कायमचे परत आले होते. हौसेनं आणलेला तो डिजिटल पियानो त्यांच्या दुर्गच्या दोन खोल्यांत मावेना. "वहिनी, तुम्ही संगीताच्या बाई. तुमच्याकडेच राहू द्या," म्हणून त्यांनी तो स्मृती नगरात तुझ्या समोरच्या खोलीत आणून ठेवला. काळा, लांब, पलंगासारखा. तू चहा करायला गेलीस, परत आलीस, पुन्हा आत गेलीस. नवीन पाहुणा घरात बसलेला असताना करावं तसं. शेवटी पदराला हात पुसलेस आणि एक पट्टी अलगद दाबलीस. काही वाजलं नाही.

"बंद आहे का रे?"

"सुरू आहे. तू हळू दाबली."

"पेटीत तर हळू दाबली तरी वाजते."

मी तुला समजावून सांगितलं. पेटीत पट्टी म्हणजे नुसतं दार. आवाज लहान-मोठा करते ती भात्याची हवा. इथे हवा नाही. इथे प्रत्येक पट्टीखाली रबराचे दोन कॉन्टॅक्ट आहेत, एकाखाली एक. पट्टी खाली जाताना आधी पहिला लागतो, मग दुसरा. त्या दोघांच्या मधे किती वेळ गेला तेवढंच हे मशीन मोजतं. वेळ कमी तर आवाज मोठा, वेळ जास्त तर आवाज लहान. जोर मोजतच नाही ते.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हणजे बोटाची घाई मोजते म्हण ना."

स्टील प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये पंधरा वर्षं मी भट्टीची उष्णता आणि गॅसचा दाब सांगणारी मीटरं दुरुस्त करतोय. वेग म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि हवेचं म्हणशील तर ती आपल्या दोघांची जुनी गोष्ट. चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये बाबा ड्यूटीवर गेले की तू पेटी काढायचीस. एका हातानं भाता आणि एका हातानं पट्ट्या, हे तुला पुरायचं नाही. म्हणून मला पेटीच्या मागे बसवायचीस. मी दोन्ही हातांनी भाता मारायचो आणि तू दोन्ही हातांनी वाजवायचीस. यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की माझं लक्ष उडायचं, हवा तुटायची, आणि तू ओरडायचीस, "बंडू, हवा दे!" मी सहा-सात वर्षांचा असेन. तुझा चेहरा मला दिसायचा नाही. फक्त पट्ट्यांवरची बोटांची टोकं दिसायची. तुझी बोटं मी तेव्हापासून बघत आलो.

पियानोवर 'टच' नावाचं एक बटन होतं. हार्ड, मिडियम, सॉफ्ट आणि ऑफ. हार्डवर ठेवलं तर मोठ्या आवाजासाठी पट्टी चांगली ठोकावी लागते. सॉफ्टवर ठेवलं तर नुसतं बोट टेकवलं तरी आवाज भरून येतो. ऑफ केलं तर कसंही दाबा, सगळे सूर एकसारखे. आपलं पहिलं भांडण याच्यावरच झालं. मी हार्डवर ठेवलं. तू म्हणालीस, "कावून एवढं जड करून ठेवलं तू? मी काय कुदळ मारून राहिली का?" मी म्हटलं, तुझे हात चांगले आहेत, हार्डवरच वाजव, सॉफ्ट पोट्ट्यासोट्ट्यांसाठी असते. "तुले काय समजते गाण्यातलं? तू फक्त हवा देणारा," असं म्हणून तू मला आत जेवायला पाठवलंस. पण बटन तिथेच राहू दिलंस.

तीन-चार महिन्यांनी एका रविवारी मी आलो तेव्हा तू शाळेची प्रार्थना वाजवत होतीस. तीच प्रार्थना, जी तू वीस वर्षं पेटीवर वाजवलीस आणि जी ऐकून पोरं उभ्या उभ्या पेंगायची. पण त्या दिवशी एकेक ओळ वेगळी येत होती. एक समजावल्यासारखी, एक रागावल्यासारखी, आणि शेवटची तर कोणाच्या कानात सांगावी तशी. तू वळलीस. घामानं तुझं कुंकू पसरलं होतं. "बंडू, हे ऐकते रे माझं! पेटीनं कधी नाही ऐकलं एवढं."

माझ्या हातून पहिली चूक त्याच दिवशी झाली. त्या आनंदात मी माहितीपुस्तिका चाळायला घेतली आणि शेवटच्या पानावर मेकॅनिकसाठी दिलेली एक युक्ती सापडली. दोन पट्ट्या दाबून धरून स्विच लावला की पियानोच्या छोट्या काचेवर प्रत्येक ठोक्याचा आकडा उमटतो. एकपासून एकशे सत्तावीसपर्यंत. बोट जेवढ्या वेगानं आलं तेवढा मोठा आकडा. टचचं बटन कुठेही असो, हा आकडा खरा. मी तुला एकेका बोटानं सरगम वाजवायला लावली आणि खिशातल्या वहीत आकडे टिपले. प्रत्येक बोटाचे वेगळे. तुझं चौथं बोट, अंगठीचं, इतरांपेक्षा जरा मागे होतं. चौऱ्याहत्तर. सगळ्यांचंच असतं. मी म्हटलं, दर रविवारी घेत जाऊ, या बोटाचा सराव कर. तू हसलीस, "परीक्षा घेऊन राहिला का माझी?"

पुढे सात-आठ महिने आकडे वर गेले. मग नागपूरला मावशीच्या मुलाचं लग्न झालं. तिथून परत आल्यावरच्या रविवारी तू स्टुलावर बसलीस आणि सहज म्हणालीस, "थोडं हलकं कर ना रे हे."

मी मिडियम केलं. त्या दिवशी चौथं बोट एकसष्ट होतं.

दोन महिन्यांनी तू पुन्हा म्हणालीस, आणि मी सॉफ्ट केलं. चौथं बोट त्रेपन्न, पाचवंही घसरायला लागलेलं. आमच्या शॉपमध्ये एक नियम आहे, आकडा पडला की आधी मीटरवर संशय घ्यायचा, भट्टीवर नाही. दहातल्या नऊ वेळा मीटरच खोटं बोलत असतं. म्हणून मी पियानो उघडला. आत ती काळी बारीक धूळ होती, आपल्याकडे वाळत घातलेल्या चादरीवर संध्याकाळपर्यंत बसते ती. उभ्या आयुष्यात धूळ बघून मला आनंद झाला तो तेवढाच. "बघ, हे कारण," मी तुला बोट दाखवलं. सगळे कॉन्टॅक्ट स्पिरिटनं पुसले, झाकण लावलं, आणि तुला बोलावण्याआधी माझ्याच चौथ्या बोटानं ती पट्टी वाजवून पाहिली.

ब्याऐंशी.

मग तू बसलीस. तुझं आलं एक्कावन्न.

त्या दुपारी मला कळलं, ताई. कूलर चालू होता, बाहेर लूच्या झळा होत्या, आणि मी वही मिटून म्हटलं, "कॉन्टॅक्ट खराब होते. साफ केले. बसतील हळूहळू." तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस, जरा जास्तच वेळ, आणि म्हणालीस, "बरं."

तिथून पुढे मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणतात का, मला माहीत नाही. प्रत्येक पट्टीच्या पोटात लोखंडाचा एक छोटा तुकडा असतो, वजनासाठी, खऱ्या पियानोसारखं वाटावं म्हणून. मी ते तुकडे काढले. एका रविवारी उजव्या बाजूचे, पुढच्या रविवारी डाव्या बाजूचे. एका डब्यात भरून ठेवले. मग स्प्रिंगा ढिल्या केल्या. पट्ट्या इतक्या हलक्या झाल्या की उदबत्तीची काडी ठेवली तरी खाली जायच्या. आकडा वर गेला. अठ्ठावन्न! मी वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. तुझं बोट बरं झालं असंच मला वाटलं. खरंच वाटलं. दोन आठवडे मी खुशीत होतो.

मग पुन्हा घसरण.

पण टच सॉफ्टवर होता, त्यामुळे आवाज तसाच भरलेला होता. त्याचीच मला भीती वाटायला लागली. तुझ्या शाळेतल्या बाई आणि हेडमास्तर तुला भेटायला आले होते, तुझ्या रजेला तेव्हा दोन महिने झाले होते, आजार कोणापासून लपण्यासारखा उरला नव्हता, फक्त आपण दोघं त्यावर बोलत नव्हतो. त्यांनी आग्रह केला आणि तू प्रार्थना वाजवलीस. मी बाजूला उभा होतो. तुझे हात पट्ट्यांवर पालथे पडलेले, मनगटं टेकलेली, बोटं हलताना दिसतही नव्हती. आणि खोलीभर आवाज. दमदार, भरलेला, बाहेर फाटकापर्यंत जाणारा. तो आवाज त्या हातांचा नव्हताच. सोफ्यावर बसलेल्या बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कौन कहता है बीमार है? नलिनी के हाथ में तो वही जान है." सगळे खूश होऊन गेले. भाऊजी मात्र त्यांना फाटकापर्यंत पोचवायला जाताना माझ्याकडे बघून गेले, आणि मी खाली वाकून उगाच पियानोची वायर तपासत बसलो.

त्याच आठवड्यात तू ते मागितलंस. तुझी जीभ तेव्हा जड व्हायला लागली होती, शब्द सावकाश यायचे.

"बंडू, टच बंदच करून टाक आता. ऑफ."

"कावून?"

"कसंही दाबलं तरी वाजेल मग. मले फक्त सूर पाहिजे."

"मग त्याच्यात तू कुठे राहिली? कोणीही दाबलं तर तसंच वाजेल ते."

"मी आहे ना इथं बसलेली," तू म्हणालीस. "मी दिसून नाही राहिली का तुले?"

मी नाही केलं. पुढच्या रविवारी करू म्हटलं, मग त्याच्या पुढच्या. तुला कारण सांगितलं की त्यानं मशीनची मजा जाते. खरं कारण वेगळं होतं. ऑफ केलं असतं तर तुला आकड्यांची गरजच उरली नसती, तू रविवारची परीक्षा बंद केली असतीस. आणि आकडा होता तोवर मला वाटायचं काहीतरी माझ्या हातात आहे. एक बटन होतं, ताई. एका बोटाचं काम. ते केलं असतं तर अजून दोन-तीन महिने तुला एकटीला, कोणाची मदत न घेता वाजवता आलं असतं. हे भांडण आपलं अर्धंच राहिलं आणि त्यात तू बरोबर होतीस.

शेवटी शेवटी मी तुला खुर्चीसकट पियानोजवळ नेत असे आणि तुझा हात उचलून पट्ट्यांवर ठेवत असे. आकडे येत. एकवीस. एकोणीस. सोळा. एका रविवारी चौथ्या बोटाचा आकडा एकदम तीस आला. मी जवळजवळ ओरडलोच. तू पण काचेकडे बघत होतीस. मग तू हळूच म्हणालीस, "ते मी नाही."

मी खाली पाहिलं. तुझ्या मनगटाखाली माझा हात होता. मीच दाबत होतो.

किती रविवार मी असा दाबत होतो कोण जाणे. एकवीस, एकोणीस, सोळा, यातले तुझे किती आणि माझे किती, हे त्या वहीतून आता काढता येत नाही. घरी जाऊन मी ती उघडून बसलो होतो. अक्षर माझं, आकडे बहुधा माझेच, आणि वर तुझं नाव.

त्यानंतर मी वही आणली नाही. तू आतल्या खोलीत पलंगावरच असायचीस. आणि आता जे लिहितोय ते मी भाऊजींशिवाय कोणापाशी बोललेलो नाही. मार्चच्या शेवटी एका दुपारी मी तुला चमच्यानं साबुदाण्याची लापशी भरवत होतो. भाऊजी बाजूला पेपर वाचत होते. तुझी लेक मंजू कॉलेजात. समोरच्या खोलीत कोणी नव्हतं, बाहेरचं दार लावलेलं होतं. पियानो सुरू असायचा, तू बंद करू द्यायची नाहीस, तो छोटा लाल दिवा तुला पलंगावरून दिसायचा. आणि तिथून एक सूर आला. मधला पंचम. हळू, पण स्वच्छ. जरा थांबला आणि विरून गेला.

माझा चमचा तसाच राहिला. भाऊजींनी पेपर खाली केला नाही. नुसतं म्हणाले, "वाजते रोज. याच वेळेले."

तुझे डोळे माझ्याकडे होते. तू म्हणालीस, "मी वाजवलं."

मी उठून गेलो. मांजर नाही, उंदीर नाही. मनात म्हटलं, स्प्रिंग थकली असेल, मीच ढिली केली, पट्टी आपल्या वजनानं खाली गेली असेल. पण सगळ्या पट्ट्या एका रेषेत होत्या. पंचमाची पट्टी मी काढून पाहिली, तिची स्प्रिंग इतरांपेक्षा चांगली होती. परत आलो तेव्हा तू तशीच बघत होतीस, बाई फळ्याजवळ उभ्या राहून उत्तराची वाट बघतात तशी.

"हो," मी म्हटलं. "तूच वाजवलं."

तू डोळे मिटलेस. चेहऱ्यावर समाधान होतं. त्यानंतर मी तो सूर तीन वेळा ऐकला. तू गेल्यापासून कालपर्यंत पियानो तसाच होता, स्प्रिंगा त्याच, दिवा तसाच सुरू. आपण होऊन एकदाही वाजला नाही. मी शॉपमध्ये हे कोणाला सांगितलं तर ते धूळ म्हणतील, दमटपणा म्हणतील, आणि मीही दुसऱ्या कोणाला तेच म्हटलं असतं. मी फक्त घडलं ते लिहितोय.

तू सकाळी गेलीस, दवाखान्यात, मी आणि भाऊजी बाहेर सही करत असताना. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तेरवीचं जेवण आटोपलं. वर्धेची, नागपूरची माणसं चारच्या गाडीनं गेली. मी आणि भाऊजी मागच्या ओट्यावर बसलो होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, भाऊजी, तुमाले एक सांगायचं आहे, आणि सगळं सांगितलं. तो रविवार, ब्याऐंशी आणि एक्कावन्न, मला कळलं होतं आणि मी बोललो नाही, मशीन हलकं करत बसलो, तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं तर.

भाऊजी सुपारी कातरत होते. कातरता कातरता म्हणाले, "बंडूभाऊ, तिले त्याच्या आधीपासून माहीत होतं."

"म्हणजे?"

"मावशीच्या पोराच्या लग्नाले गेलो होतो ना नागपूरले. साडीची पिन लावता येत नव्हती तिले. खडू पडे हातातून. मीच म्हटलं, दाखवून घेऊ. नसांच्या डॉक्टरनं तिच्या तोंडावरच सांगितलं, याच्यावर औषध नाही. गाडीत गोंदिया गेलं, डोंगरगड गेलं, राजनांदगाव गेलं, एक शब्द बोलली नाही. दुर्ग आल्यावर म्हणाली, बंडूले सांगू नका."

"कावून पण?"

"म्हणे, त्याले समजलं तर तो रविवारी येऊन नुसता तोंड पाडून बसेल. मशीनच्या निमित्तानं येते तर दोन घंटे बोलते तरी." त्यांनी सुपारी माझ्यापुढे केली. "तुमची वही पण पाहिली होती तिनं. तुम्ही जेवायले आत गेले तेव्हा. हसत होती. म्हणे, जिंदगीभर मी पोट्ट्यांचे मार्क लिहिले, आता बंडू माझे लिहून राहिला. अन् नापास करायची त्याची हिंमत होऊन नाही राहिली."

म्हणजे "थोडं हलकं कर ना रे" हे तू सगळं माहीत असून म्हणाली होतीस. मी धूळ दाखवली तेव्हा "बरं" म्हणालीस तेही. मला वाटत होतं मी तुझ्यापासून लपवतोय, आणि तू माझ्यासाठी दर रविवारी स्टुलावर बसत होतीस, पडणारा आकडा मला दाखवायला. मला राग आला, ताई, खोटं कशाला बोलू. दीड वर्षात एकदा तरी आपण दोघांनी मिळून रडायचं होतं. माझा तो हक्क तू काढून घेतलास. पण तेवढ्यापुरता मी रागावलो आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं की त्या सगळ्या रविवारी आपण किती हसलो होतो. तुझं बोट पडत होतं आणि तू मला पुरणाची दुसरी पोळी वाढत होतीस.

आता शेवटचं, आणि हे तुला सांगितलंच पाहिजे, कारण मंजू तुझी आहे.

काल दुपारी मी स्कूटर फाटकाला लावली आणि आतून पियानो ऐकला. तोच भरलेला आवाज. मी पायरीवरच थांबलो. मग कळलं, मंजू असेल. तू गेल्यापासून ती रोज वाजवते असं भाऊजी म्हणाले होते. मी दारातून आत पाहिलं.

तिची मनगटं टेकलेली होती. हात पालथे. बोटं पट्ट्यांना चिकटलेली, हलताना दिसत नव्हती. उजव्या हाताचं चौथं बोट तर उचललंच जात नव्हतं, नुसतं ओढलं जात होतं. तुझा मागच्या वर्षीचा हात एकोणीस वर्षांच्या मुलीच्या खांद्याला लावलेला होता.

हा आजार घराण्यात येतो का, हे आम्ही डॉक्टरला कधी विचारलं नव्हतं. विचारायचं धैर्य नव्हतं.

"मंजू," मी म्हटलं, "बोट उचल."

ती दचकली. "कौनसी?"

"चौथं. उजवं. वर उचल."

"मामा, क्या हुआ?"

"उचल म्हटलं ना!"

तिनं उचललं. सरळ, ताठ, छताकडे. मग मी पाचवं उचलायला लावलं, मग तिसरं, मग दुसरा हात. माझा पंजा तिच्यापुढे केला आणि म्हटलं, दाब, जेवढा जोर आहे तेवढा लावून. तिनं दाबला. माझी हाडं वाजली. "दुखून राहिलं ना?" म्हणाली आणि हसली. तू गेल्यापासून त्या घरात कोणी हसल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"तू असं कावून वाजवते?" मी विचारलं.

"ऐसे ही बजता है ये. जरा जोर लगाओ तो चिल्लाता है. आई पण अशीच वाजवायची ना?"

मग माझ्या लक्षात आलं. तिचा हात चांगला होता. मशीन तुझ्या हातासाठी मी हलकं करत नेलं होतं, आणि आता ते मशीन तिला तुझा आजारी हात शिकवत होतं. दुपारमागून दुपार, कोणी न सांगता.

मी स्क्रू काढायला पेचकस मागितला. कपाटावरचा लोखंडी तुकड्यांचा डबा काढला. मंजू एकेक तुकडा पुसून देत गेली आणि मी एकेक पट्टी भरत गेलो, स्प्रिंगा ताणत गेलो. चार वाजले, पाच वाजले. प्रत्येक पट्टीबरोबर तुझा हात मी त्यातून काढतोय हे मला कळत होतं. तो दुसरीकडे कुठेच उरलेला नाही, हेही. मधे एकदा मी थांबलो. मंजूनं काही न विचारता पुढचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

शेवटी टचचं बटन हार्डवर नेलं आणि तिला बसायला सांगितलं. तिनं वाजवलं. चुकत, अडखळत, पट्ट्या जड लागत होत्या म्हणून खांद्यातून जोर काढत. कुठे फार मोठं, कुठे अगदीच बारीक. तुझं त्यात काहीही नव्हतं. वाईट वाजत होतं आणि मी पेचकस हातात धरून ऐकत होतो.

आतल्या खोलीत भाऊजी झोपले होते. ते उठून दारात आले, चष्मा न लावताच, आणि माझ्याकडे बघून विचारलं,

"कोण आलं वाजवायले?"

"मंजू आहे," मी म्हटलं.